दुपारची खोटी बाळंतपणं

“रक्त थांबत नाही! टांगा आणा!” धाकटी डॉक्टरीण ओरडली, आणि अंगणापलीकडच्या स्वयंपाकघरातून चिक्कव्वाचं उत्तर आलं, “आला, आला टांगा!” गौरीवहिनी चटईवर आडवी होती. तिच्याखाली घातलेलं लुगडं भिजून रक्त आता फरशीच्या सांध्यांतून उंबऱ्याकडे निघालं होतं. तिची नुकती जन्मलेली मुलगी माझ्या मांडीवर होती, जुन्या परकरात गुंडाळलेली. वहिनीचे ओठ पिठासारखे झाले होते. मघापर्यंत ती बोलत होती, आता बोलत नव्हती. धाकटीनं तिला सुई दिली होती. आता एक हात आत घालून आणि एक पोटावर ठेवून ती गर्भाची पिशवी दोन्हीकडून दाबत होती, कोपरापर्यंत लाल झाली होती, आणि टांग्याची वाट बघत होती. मीही बघत होते. स्वयंपाकघरात भाकरी थापण्याचा आवाज चालूच होता. थप, थप, थप. कुणी उठलंच नव्हतं. आमच्या घरात रोज दुपारी हेच शब्द ओरडले जायचे आणि रोज हेच उत्तर यायचं, म्हणून कुणी उठलं नव्हतं. हे असं का झालं ते सांगते.

आमचं घर सोलापुरात, बाळीवेशीच्या मागच्या अंगाला. घरात कानडी, गल्लीत मराठी, आणि भांडताना दोन्ही. आमचा धंदा कडक भाकरीचा. अव्वा, म्हणजे माझी आई, पहाटे चूल पेटवायची. तिची धाकटी विधवा बहीण चिक्कव्वा, गौरीवहिनी आणि कामाला येणाऱ्या दोन बायका काटवटी पुढ्यात घेऊन बसायच्या. भाकरी कागदासारखी पातळ थापायची, तव्यावर भाजायची, मग विस्तवाच्या कडेला उभी करून खडखडीत वाळवायची. दुसऱ्या बाजूला उखळात शेंगाचटणी कुटली जायची. मिलचा भोंगा, मुसळाचा धप्पा आणि भाकरीची थाप, या तीन आवाजांत मी वाढले. थाप थांबली की शेजारीण विचारायची, कोण गेलं का तुमच्यात? आप्पा सायकलला गठ्ठे बांधून दुकानांत टाकायचे, बाजाराच्या दिवशी वैरागपर्यंत जायचे. आता कडक भाकरी प्लास्टिकच्या पिशवीत मिळते, सगळ्या एका मापाच्या. मी खाते. वाईट नसते.

माझी शाळा चौथीत सुटली. भाकरी मात्र मला कधी नीट थापता आली नाही, कडेला फाटायची. त्यामुळे वरकामाला मी, आणि वरकामाचं माणूस सगळ्यांना मोकळंच दिसतं. पुढची खोली आप्पांनी भाड्यानं दिली तेव्हा ती झाडायचं कामही माझ्याकडे आलं. भाडेकरू होती वैरागची शमीम, नुकतीच डॉक्टर झालेली. तिचा बाप ट्रक चालवायचा. टेबल, कपाट आणि लेक त्यानं स्वतःच्याच ट्रकमधून आणून उतरवली. गल्लीत कुजबूज झाली की एकटी पोर, बिनलग्नाची, त्यात मुसलमानाची. अव्वा म्हणाली, “खोली रिकामी हाय, ती डॉक्टर हाय, झालं.” मग तिला बजावलं, “खोलीत मटण शिजवायचं न्हाई, बघ.” शमीम म्हणाली, “मावशी, मला काहीच शिजवता येत नाही.” तेव्हापासून तिचं जेवण आमच्याकडं. भाकरी दह्यात मोडून, वर शेंगाचटणी घालून ती असं खायची की चिक्कव्वा म्हणायची, कॉलेजात हिला उपाशी ठेवलं होतं वाटतं.

समोरच्या घरात दुसरी डॉक्टरीण राहायची, इंदूबाई. सरकारी दवाखान्यात जन्म घालवून निवृत्त झालेली, लग्न न केलेली, तपकीर ओढणारी. नजर अधू झाल्यावर तिनं बाळंतपणं करणं बंद केलं होतं. गल्लीनं दोघींची नावं पाडली, थोरली आणि धाकटी. तोंडावर अहो-जाहो, मागं हे. इथेही मी तेच लिहिते.

धाकटीचं गल्लीतलं पहिलं बाळंतपण एका शिंपिणीचं. मी पाण्याची बादली घेऊन शेजारी उभी होते. बाळाचं डोकं बाहेर आलं आणि मानेभोवती नाळ दिसली. धाकटी हात पुढे करून तशीच थांबली. ओठ हलत होते, हात हलत नव्हते. नंतर ती म्हणाली की पुस्तकातलं ते पान तिला डोळ्यांसमोर स्पष्ट दिसत होतं. शिंपिणीची नणंद धावत जाऊन थोरलीला घेऊन आली. थोरलीनं धाकटीला कमरेनं बाजूला ढकललं, बोट घालून नाळेचा वेढा बाळाच्या डोक्यावरून काढला आणि म्हणाली, “आता तू कर पुढचं.” बाळ रडलं. सगळं निभावलं. धाकटी आमच्या कट्ट्यावर येऊन बसली. थोरली तिच्या शेजारी बसली.

“कॉलेजात किती बाळंतपणं केलीस?”

“बघितली, बाई. पुढे मुलं उभी असायची, आम्ही मागे. खांद्यांच्या फटीतून दिसेल तेवढं. हात लावायची वेळ आली की सिस्टर म्हणायच्या, गर्दी आहे, सरका.”

“आणि परीक्षेत?”

“पहिला नंबर.”

“तो भिंतीवर टांग. उद्या दुपारी मी येते.”

“कशाला?”

“पहिल्या चुका बाळंतिणीवर करायच्या नसतात. निंगीवर करू.”

निंगी म्हणजे मी. मी म्हटलं, “माज्यावर का म्हणून?”

“तुला दुसरं काम काय आहे? शाळा सुटली, लग्न ठरलेलं नाही. चटईवर झोप आणि कण्हायला शिक.”

अशी खोटी बाळंतपणं सुरू झाली. दुपारी पेशंट नसायचे. मी चटईवर झोपायची, पोटावर उशी बांधून. बाळ म्हणून फडक्यात गुंडाळलेला दुधी भोपळा. थोरलीच्या हातात कुंकवाच्या पाण्याचा तांब्या. ती गप्पा मारता मारता तो कधी ओतेल याचा नेम नसायचा. लाल पाणी दिसलं की धाकटीनं हात चालवायचे. अव्वाकडून कणीक मागून आणायची, थोडी सैल, थोडी घट्ट, कापडी पिशव्यांत भरायची आणि धाकटीनं डोळे मिटून ओळखायचं. “सैल लागली तर रक्त वाहणार. कवठासारखी लागली तर थांबलं. हे बोटांना कळलं पाहिजे, डोक्याला नंतर कळू दे,” थोरली म्हणायची. धाकटी ओठ चावून दाबत बसायची. मी कण्हायला लवकर शिकले. बाळाचं रडणंही मीच काढायची, आणि ते मला इतकं छान जमायचं की शेजारीण एकदा खरंच पेढे विचारत आली होती.

धाकटीला सगळ्यात अवघड जायचं ते बोलणं. चिक्कव्वाला थोरलीनं सासू केलं होतं, आणि चिक्कव्वाला ते काम फार मानवलं. ती कमरेवर हात ठेवून उभी राहायची. “आमच्यात बाळंतिणीला सुई टोचत न्हाईत! माजा लेक येऊ दे, मग बघू!” धाकटी सुरुवातीला तिला इंग्रजी नावं सांगायला लागायची. थोरली ओरडायची, “सासूला इंग्रजी सांगतेस? ती तुला पायताणासकट बाहेर काढेल. आणि हात थांबवू नकोस. तोंड बोलत राहील, हात आपलं काम करतील, कान दाराकडे. तिन्ही वेगळे ठेव.” बरेच दिवस गेले. मग एका दुपारी धाकटी मान वर न करता म्हणाली, “आजी, लेक येईपर्यंत सून जाईल. तिचे पाय धरा. घट्ट धरा, मी सांगेपर्यंत सोडू नका.” चिक्कव्वा मुकाट्यानं खाली बसली आणि तिनं माझे पाय धरले. थोरलीनं तपकीर ओढली.

आवाजही लहान होता तिचा. “अंगणापलीकडे गेला पाहिजे,” थोरलीचा हुकूम. म्हणून शेवट नेहमी ओरडून व्हायचा. गरम पाणी! टांगा आणा! सुरुवातीला कामाच्या बायका हातातलं टाकून बघायला पळत यायच्या, दारात उभ्या राहून हसायच्या. एकदा एक पूर्ण चवड करपली. अव्वा संतापली. “नाटक बगायला भाकरी जाळणार का तुमी? जाग्यावरनं उठायचं न्हाई. काय वरडायचं ते हितनंच वरडा.” थोरलीलाही ते पटलं. तिला धाकटीचा आवाज पोचतो की नाही एवढंच कळायला हवं होतं. मग ठरूनच गेलं. इकडून “गरम पाणी!” की तिकडून “आलं, आलं!” इकडून “टांगा!” की तिकडून “आला, आला!” आणि थाप चालू. कुणाचा हात क्षणभरही थांबत नसे.

गौरीवहिनी हे सगळं दारातून बघायची. ती माझ्या थोरल्या भावाची, बसूअण्णाची बायको. पहिल्या खेपेला ती अक्कलकोटकडच्या माहेरी गेली होती आणि रिकाम्या हातांनी परत आली होती. आमच्यात त्यावर कुणी बोलत नसे. पुन्हा दिवस गेले तेव्हा तिनं सासूसमोर तोंड उघडलं, आयुष्यात बहुतेक पहिल्यांदाच. “मी माहेरी जाणार न्हाई. हिच्याकडं करणार. ही रोज करती, मी बगितलंय.” अव्वा म्हणाली, “रोज भोपळ्याचं करती की.” वहिनी म्हणाली, “म्हनूनच.”

त्या दिवशी थोरली मोडनिंबला भाचीच्या लग्नाला गेली होती, मी नसले तरी सराव चुकवायचा नाही असं बजावून. अव्वा आणि आप्पा ज्वारी बघायला बाजारात. बसूअण्णा मिलमध्ये. वहिनीला अजून अवकाश होता असा सगळ्यांचा हिशेब. दुपारी ती पुढच्या खोलीत आली, कारण थोरलीनं सांगून ठेवलं होतं की धाकटीनं तिचं पोट अधूनमधून चाचपायचं. धाकटीनं हात ठेवला आणि तिचा चेहरा बदलला.

“वहिनी, कधीपासून दुखतंय?”

“सकाळपासनं. थोडं थोडं.”

“आणि सांगितलं नाहीत?”

“मोठी ऑर्डर होती की भाकरीची.”

ती हे म्हणते आहे तोवर पाणी गेलं. पुढचं सगळं भराभर झालं. धाकटी मला म्हणाली, हिला सोडून जाऊ नकोस, पाठीमागून धर. मग तिकडे ओरडली, “चिक्कव्वा, या! गरम पाणी!” “आलं, आलं!” गरम पाणी आलं नाही हे आमच्या लक्षातही आलं नाही, कारण सुया उकळायला धाकटीचा स्टोव्ह पेटलेलाच होता. मी आजवर धाकटीचे हात खालून बघितले होते, चटईवर पडून. त्या दिवशी वरून बघितले. ते कुठंही अडले नाहीत. मुलगी आली, नाळ बांधली, कापली, मुलगी रडली. स्वयंपाकघरातून चिक्कव्वाचा आवाज आला, “आज झकास रडली गं निंगी!” आम्ही तिघीही हसलो. वहिनी तर पोट धरून हसली. वारही पडली. आणि मग धाकटीचं हसू मधेच थांबलं. तिनं पोटावर हात दाबला. मी भोपळ्याच्या दिवसांपासून तो चेहरा ओळखत होते. पिशवी सैल होती.

सुई दिली, चोळलं, दाबलं, रक्त चालूच. टांग्यासाठी ती ओरडली आणि उत्तर आलं. थोडा वेळ गेला. ती पुन्हा ओरडली, पुन्हा उत्तर आलं. मग तिनं मान तिरकी केली. हात तसेच, दाब तसाच, ती ऐकत होती.

“निंगी, भाकरी थापतायत अजून,” ती म्हणाली. अगदी हळू. “कुणी गेलेलं नाही. बाळाला सुपात ठेव. टांगा पाहिजे आणि हिला उचलायला बायका पाहिजेत. जा. काय वाटेल ते कर.”

मी अंगण ओलांडून गेले. “चिक्कव्वा, ऊठ! वहिनीचं खरं हाय!”

चिक्कव्वानं माझ्या लाल हातांकडं बघितलं. “व्हय, व्हय. आज कुंकू लई कालवलंय जणू.” कामाची बाई फिदीफिदी हसली. मी हात चिक्कव्वाच्या नाकासमोर धरले. तिनं मान मागं घेतली. “पिठात शिंतोडे पडतील की. सर तिकडं.”

मी रडले असते तरी तिला ते नाटकातलं वाटलं असतं. ओरडायचं मी रोजच ओरडत होते. कोपऱ्यात पाण्यानं भरलेली घागर होती. मी ती उचलली आणि पेटत्या चुलीत ओतली. तवा फुसकारला, राख छतापर्यंत उडाली, वाळत ठेवलेल्या भाकरी भिजून आडव्या झाल्या. आमच्या घरात सकाळी पेटलेली चूल संध्याकाळच्या आत कुणी विझवत नसे. पाणी ओतून तर नाहीच. ते फक्त मढं घरात असताना. गंमत म्हणून मी ते केलं असतं तर अव्वानं माझा हात मोडला असता, आणि हे तिथं बसलेल्या प्रत्येकीला माहीत होतं. थाप थांबली. चिक्कव्वा उठली. पिठाच्या हातांनी, अनवाणी, डोक्यावरचा पदर पडलेला, ती विधवा बाई भर दुपारी गल्लीतून टांगा स्टँडकडं पळाली.

मिलच्या जाड चादरीत घालून आम्ही वहिनीला टांग्यात चढवली. धाकटी तिच्या पायाशी गुडघ्यांवर, हात तसाच आत. चौकातल्या लोकांनी बघितलं. बघू दे. रस्ता खडबडीत, घोडा बिचकलेला. धाकटीचा हात भरून आला तेव्हा मी तिच्या कोपराखाली माझा खांदा दिला. ती सारखी वहिनीशी बोलत होती, “वहिनी, मला ऑर्डरच्या भाकरी मोजून सांगा. किती झाल्या होत्या? आठवा.” वहिनीचे ओठ जरा हलायचे. सिव्हिलच्या अलीकडे कुठंतरी धाकटीनं श्वास सोडला. “घट्ट होतेय,” ती म्हणाली. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी बघितलं आणि एवढंच म्हणाले, “मी सांगेपर्यंत हात काढू नका.” तिनं काढला नाही. बसूअण्णाला मिलमधून बोलावलं, त्याचं रक्त जुळलं, ते चढवलं.

अव्वा ज्वारी घेऊन घरी आली तेव्हा घरात एक कामाची बाई, सुपात एक मूल, आणि राखेचा चिखल. ती दारातूनच ओरडली, “चूल कुणी इझवली?” मग तिनं पुढच्या खोलीतली फरशी बघितली.

थोरली दुसऱ्या दिवशी परत आली. कट्ट्यावर बसून तिनं धाकटीकडून सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, शाबासकी देईल. ती म्हणाली, “हात बरोबर चालले तुझे. कानही. चूक माझी आहे. मी सराव उंबऱ्यापर्यंतच केला. टांगा आला म्हणायला शिकवलं, आणायला शिकवलंच नाही.” पुढच्या आठवड्यापासून खोटी बाळंतपणं परत सुरू झाली, पण आता टांगा दारात उभा राहिल्याशिवाय ती संपायची नाहीत. टांगेवाल्यानं आधी शिव्या घातल्या, मग भाकरी-चटणीवर तयार झाला. पळायचं काम चिक्कव्वाकडं. “माजी सजा हाय ही, दुसरं काय,” असं म्हणत ती पळायची. सासू व्हायचं मात्र तिनं सोडलं नाही. पुढं धाकटीकडं नव्या डॉक्टरणी शिकायला यायला लागल्या, त्यांनाही तिनं सळो की पळो केलं.

त्यांच्यातल्या एकीच्या लेकीनं अलीकडे मला तिचं कॉलेज दाखवायला नेलं. तिथं रबराची बाई आहे, तिला खरोखर रक्त येतं, ती ओरडतेसुद्धा. पोरं-पोरी पाळीपाळीनं तिचं बाळंतपण करतात, मागं कुणी उभं राहत नाही. मला ते आवडलं. मी विचारलं, गाडी कोण आणतं? ती पोरगी म्हणाली, “आजी, गाडीसुद्धा बोलावतो. दारात येईपर्यंत घड्याळ थांबवत नाही.” मी म्हटलं, मग ठीक आहे.

गौरीवहिनी वाचली. मुलगीही वाचली.